हौदा, पट्टा, खंडा

पुण्याजवळच्या वाघोलीत वाघेश्वराच्या देवळापाशी पिलाजी जाधवरावांची समाधी आहे. दगडी आहे. पिलाजी शाहू छत्रपतींच्या काळातले सरदार. १७२९ साली ते थोरल्या बाजीरावांबरोबर बुंदेलखंडाच्या मोहिमेत होते. देवळापासून नगर रस्ता जवळ आहे. रस्ता रात्रीही थांबत नाही.

सरदाराच्या पदरी पागा असे. पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. बारगीर आता शब्दकोशात आहे. शिलेदार आडनावात आहे. घोडा नगर रस्त्यालगतच्या मंगल कार्यालयांसमोर दिसतो, लग्नसराईत, वरातीपुरता.

बोथाटी हा घोडेस्वारांचा खेळ. लांब भाला, टोकाला पात्याऐवजी कापडाचा बोंडा. दोन स्वार समोरासमोर चालून येत आणि बोंडा टेकवून पुढे निघून जात. भाल्याचा हात बसावा, पण रक्त निघू नये, यासाठी हा खेळ होता. मर्दानी खेळांत लवकर गेलेल्यांपैकी हा एक. त्याला घोडा लागत होता.

वाघोलीच्या पुढे लोणीकंद, मग पेरणे, मग भीमा, पलीकडे कोरेगाव. पेरण्याच्या बाजूला १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ आहे. त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्याआधी दोन महिने, ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीची लढाई झाली. तिच्यात राघोजी साळवे पडले. लहुजी त्यांचे पुत्र.

लहुजींनी पुण्यात गंज पेठेत तालीम घातली. दांडपट्टा, लाठी, तलवार, निशाणबाजी शिकवली. जोतीराव फुले तिथे दांडपट्टा आणि गोळीचे निशाण शिकले. वासुदेव बळवंत फडके शिकले. तोवर राज्य गेले होते. फौज मोडली होती. पट्टा शिकून कुणाला चाकरी मिळणार नव्हती. तरी मुले येत होती. वस्ताद शिकवत होते. लहुजी १७ फेब्रुवारी १८८१ ला वारले. त्यांची समाधी संगमवाडीला आहे. गंज पेठेचे नाव आता महात्मा फुले पेठ आहे.

हत्यारांचा कायदा १८७८ चा. परवान्यावाचून हत्यार बाळगता येईना. तालमीत फरी-गदका उरला, लाठी उरली. फरी म्हणजे चामड्याची छोटी ढाल. गदका म्हणजे चामडे चढवलेली काठी. दसऱ्याच्या शस्त्रपूजेत विळा, कोयता, खुरपे, पहार मांडू लागले. वाघोलीच्या आसपास दगडखाणी आहेत. तिथे दसऱ्याला झेंडूचा हार जेसीबीला, डंपरला आणि खडी फोडणाऱ्या क्रशरला घालतात.

दांडपट्ट्याचे दोन भाग. पात आणि खोबळा. पात लांब, दुधारी, लवचिक. हलवली की थरथरते. खोबळा लोखंडी, हात कोपरापर्यंत झाकणारा. आत आडवा गज असतो, तो मुठीत धरायचा. वर एक पट्टी, हात जागचा हलू नये म्हणून. खोबळ्याच्या आत कापडाची गादी असते. हात आत गेला की मनगट बंद होते. तलवार मनगटावर फिरते. पट्टा खांद्यावर फिरतो, कमरेवर फिरतो, पायांवर फिरतो.

म्हणून शिकायला आलेल्याच्या हातात आधी पट्टा देत नसत. आधी पवित्रे. उजवा पाय कुठे पडतो, डावा कुठे सरकतो, वळताना टाच उचलते का. हे महिनोन्‌महिने. मग काठी. मग पट्टा. वस्ताद हाताकडे कमी आणि पायांकडे जास्त पाहत.

परीक्षा लिंबाची. लिंबू जमिनीवर ठेवायचे. पट्टेकरी फिरत फिरत येतो. पात लिंबातून जाते. लिंबाच्या दोन फोडी होतात आणि जमिनीवर ओरखडा उठत नाही. त्यापुढची परीक्षा तळहातावरच्या लिंबाची. तळहात बहुधा धाकट्या भावाचा किंवा तालमीतल्या जोडीदाराचा असे. ज्याचा हात, त्याने डोळे मिटायचे नाहीत.

पात्याला धार आणि पाणी शिकलगार देई. खोबळा हाताच्या मापाचा करत. आता कवायतीचे पट्टे स्टीलच्या पट्टीचे मिळतात. लहान-मोठ्या सगळ्या हातांना एकच माप. धार लावणारा अजून गल्लीत येतो. सायकल स्टँडवर उभी करतो, पायडल मारतो, दगड फिरतो. सुऱ्या आणि कात्र्या आणून द्यायच्या.

विटा हा आखूड भाला. त्याला दोरी बांधलेली असे. दोरीचे दुसरे टोक मनगटाला. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. फेकण्यापेक्षा परत घेणे अवघड. मैदानी प्रात्यक्षिकांत विटा कधीमधी दिसतो. सांगली जिल्ह्यातल्या विटे गावाशी त्याचा संबंध लावणारे भेटतात. तो फक्त शब्दांचा सारखेपणा आहे.

माडू काळविटाच्या दोन शिंगांचा. शिंगे उलटसुलट जोडायची, मध्ये छोटी ढाल, मागे मूठ. दोन्हीकडून टोचता येई आणि वारही अडवता येई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर काळविटाच्या शिंगांची खरेदी-विक्री बंद झाली. तशीच व्हायला हवी होती. माडू त्यानंतर नव्याने बनले नाहीत. हरणांचे कळपही हवेली तालुक्याच्या माळावर उरले नव्हते.

लेझीम मुळात धनुष्याचा सराव. दोरीऐवजी लोखंडी साखळी. ओढून ओढून दंड भरायचे, तिरंदाजाचे. तिरंदाजी संपली, साखळी राहिली. साखळीत चकत्या अडकवल्या, दांडा हलका झाला, वाजू लागली. मग ती शाळेच्या मैदानात आली. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला पांढऱ्या गणवेशातली मुले ढोलाच्या ठोक्यावर चार आवेश, आठ आवेश करत. कवायतीच्या सरांच्या तोंडात शिट्टी असे. शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत लेझमांचा ढीग असे, गंजलेला, आणि दार उघडले की त्याचा वास येई. वाघोलीतल्या नव्या शाळांना मैदानावर हिरवे कृत्रिम गवत आहे. त्यांच्याकडे स्केटिंग आहे, झुंबा आहे.

गोफण हे सगळ्यात स्वस्त हत्यार. सुताची किंवा वाखाची, मध्ये दगड धरायला जाळीदार खण. मावळ्यांकडे होती, कुणब्याच्या पोरांकडेही होती. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा घालत. माळ्यावर उभे राहून पाखरे राखायची. गोफण डोक्याभोवती दोनदा फिरवायची आणि एक शेव सोडून द्यायची. दगड सुटताना चाबकासारखा आवाज होई. पाखरे बहुतेक वेळा त्या आवाजानेच उठत. वाघोलीच्या शिवारात आता बारा-पंधरा मजल्यांच्या इमारती आहेत. त्यांच्या बाल्कन्यांना कबुतरांसाठी जाळ्या लावलेल्या आहेत.

गावाच्या राखणीला रामोशी असे. काठी, गोफण, कुऱ्हाड आणि पायांचे माग काढणारी नजर. उमाजी नाईक याच जमातीतले. ३ फेब्रुवारी १८३२ ला त्यांना पुण्यात फाशी दिले. रात्रीची गस्त पिढीजात होती. वाघोलीतल्या सोसायट्यांच्या फाटकांवर आता निळ्या गणवेशातले रखवालदार असतात. बारा तासांची पाळी असते. काठी असते, ती टेबलाला टेकवून ठेवलेली असते. नोंदवही असते. मुले दूरच्या जिल्ह्यांतून, दूरच्या राज्यांतून आलेली असतात. काठी फिरवायला त्यांना कुणी शिकवलेले नसते.

पुण्यात तालमींची नावे रस्त्यांवर आहेत. नगरकर तालीम चौक. खालकर तालीम चौक. चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम, कुंजीर तालीम, जगोबादादा तालीम. रिक्षावाल्याला नाव सांगितले की तो बरोबर नेऊन सोडतो. मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा. १८८७ सालापासूनचा, हिंदू आणि मुसलमान पैलवानांनी मिळून बसवलेला. भाद्रपदात त्या गणपतीपुढे रांग लागते. रांगेत उभ्या असलेल्यांत लंगोट कसलेले फार थोडे असतात.

तालमीत शिरताना वाकावे लागे. दार मुद्दाम ठेंगणे. आत उजेड कमी. कोनाड्यात मारुती, त्याच्यापुढे तेलाचा दिवा. भिंतीला जोडी, करेला, मुद्गल टेकवलेले. खुंटीला ओले लंगोट. मध्ये हौदा.

हौदा करायचा म्हणजे महिन्याचे काम. लाल माती आणायची. चाळायची. खडा राहता कामा नये, पाठ सोलते. मग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर. माती मळून ठेवायची, उलटायची, पुन्हा मळायची. दह्या-ताकाचा आंबट वास जाऊन एक वेगळाच वास येऊ लागला की हौदा तयार. रोज पहाटे फावड्याने माती उकरायची. ते काम नव्या पोरांचे. अर्धा तास फावडे मारले की अंग आपोआप तापते, मग जोर. जोर हजारात मोजत. मोजायला खडे. शंभर झाले की एक खडा डावीकडून उजवीकडे.

पैलवानाला जखम झाली तर तीच माती लावत. घाम आला तर तीच माती अंगावर टाकत, पकड बसावी म्हणून. मेहनत झाली की भिंतीला टेकून बसत आणि अंगावरची माती वाळू देत. वाळलेली माती हाताने चोळून पुन्हा हौद्यातच पाडत. ती बाहेर नेत नसत. एकाच हौद्यात आज्याचा, बापाचा आणि नातवाचा घाम असे.

खुराक घरचा असे. म्हशीचे दूध, तूप, बदाम. बदाम कुंडीत सोट्याने घोटायचे. घोटण्याचा आवाज तालमीबाहेर ऐकू येई. हवेलीतल्या गोठ्यांच्या जागी आता पार्किंग आहे. पूरक आहाराचे डबे दुकानात मिळतात, चॉकलेटच्या चवीचे, व्हॅनिलाच्या चवीचे. एका डब्याबरोबर प्लॅस्टिकचा एक चमचा येतो.

देवळासमोर दगडी गोट्या पडलेल्या असत. वेगवेगळ्या वजनाच्या, वाटोळ्या. पोरगा वयात आला की त्याने लहान गोटी उचलायची. मग मधली. मोठी गोटी गावात एक-दोघांनाच उचलता येत असे आणि त्यांची नावे पुढे चाळीस वर्षे सांगत. जीर्णोद्धारात फरशी घातली जाते. गोट्या बाजूला सरतात. काही झाडाच्या पाराला लागतात, काही पायात जातात.

गावजत्रेचे मैदान हलगीवर चाले. दुपार कलली की हलगी कडाडे. वस्ताद मंडळी फेटे बांधून आखाड्यात उतरत. आधी पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या. मग नारळाच्या. मग पाच रुपयांची, दहाची, पन्नासची. जोड डोळ्यांनी लावत. पोर उघडे उभे करायचे, दंडावर हात फिरवायचा, मान बघायची, दुसऱ्या गावचे पोर त्याच्याशेजारी उभे करायचे. वजनकाटा नव्हता. जोड चुकली तर माणसे ओरडत आणि पंच ऐकत. हरणाऱ्यालाही फेट्याचा एक शेव मिळे. शेवटची कुस्ती दिवस मावळताना. ती निकाली. पाठ लागेपर्यंत. अंधार पडला तर कंदील, नंतर गॅसबत्ती.

डावांची नावे पोरांना पाठ असत. ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, भारंदाज, धोबीपछाड, एकलंगी, निकाल, गदालोट, बगलडूब. यांतले निम्मे डाव पाहिलेलेही नसत. तरी नावे माहीत असत, जशी गावातल्या माणसांची माहीत असतात. आता पोरे दोन गुण, चार गुण म्हणतात.

खाशाबा जाधव गोळेश्वरचे, कऱ्हाडजवळचे. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीत वाढलेला हा मल्ल गादीवर लढला. राजर्षी शाहूंनी कोल्हापूरला बांधलेले खासबाग मैदान १९१२ चे. त्याच्या मध्यभागी माती आहे. ऑलिंपिकला गादी आहे. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, गुणफलक, निळा पोशाख, लाल पोशाख. पुढे जायचे तर गादी लागते. हे सगळ्या वस्तादांना कळले आणि त्यांनी पोरांना गादीवर नेले. ते बरोबरच केले. हौदे उकरायचे राहिले.

महाराष्ट्र केसरी १९६१ सालापासून. पहिले मानकरी दिनकर दह्यारी. स्पर्धेत अजून माती विभाग आहे आणि गादी विभाग आहे. दोन्हींतले विजेते शेवटी समोरासमोर येतात. ती लढत गादीवर होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ही स्पर्धा फुलगावला झाली. वाघोलीहून लोणीकंद, तिथून तुळापूरच्या रस्त्याने फुलगाव. सिकंदर शेख जिंकले. मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ चांदीची गदा देतात. हल्ली बक्षिसात चारचाकी असते.

तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाई जात नसे. हेही गेले. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. प्रतीक्षा बागडी जिंकल्या. या गेलेल्या गोष्टीसाठी कुणी हळहळू नये.

मल्लांविषयीची जुनी नोंद मानसोल्लासात आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराचा हा ग्रंथ, बाराव्या शतकातला. मल्लांचे ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक आणि गोवल असे प्रकार त्यात सांगितले आहेत. त्यांचा आहार सांगितला आहे. मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. तो खांब पुढे सहाशे वर्षे कुठे होता, ते सांगणारे काही सापडत नाही.

खांब पुन्हा उभा राहिला तो दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी. बाळंभटदादा देवधरांनी तो उभा केला. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन मल्ल आले होते, त्यांच्याशी लढायचे होते, म्हणून बाळंभटदादा वणीला सप्तशृंगीपुढे जाऊन बसले, अशी कथा सांगतात. राज्य गेल्यावर पेशवे बिठूरला गेले. मलखांब त्यांच्यामागून उत्तरेत गेला, काशीला गेला, पुढे बडोद्याला आला. खांब सागाचा किंवा शिसवीचा. एरंडेल लावून चोळलेला. माणसाच्या अंगाचे सगळे डाव त्या लाकडावर करता येतात. लाकूड उलटा डाव टाकत नाही, एवढाच फरक. मध्य प्रदेशाने २०१३ साली मलखांबाला राज्याचा खेळ केले.

डाव, पवित्रे, हात, मेहनत हे सगळे एका माणसाने लिहून काढायचे ठरवले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार, बडोद्याचे. व्यायामज्ञानकोश, दहा खंड. पहिला १९३६ चा. काम १९४९ पर्यंत चालले. छायाचित्रे आहेत. उघड्या अंगाचे मल्ल, पाठीमागे पडदा, पायाखाली सतरंजी. प्रत्येक डावाचे टप्पे. कुठला पाय, कुठला हात, वजन कुठे. मराठीत या विषयावर इतके सचोटीचे काम दुसरे झाले नाही. ग्रंथालयांत हे खंड मागून घ्यावे लागतात. पाने पिवळी झाली आहेत. काही ठिकाणी दहांतले सात असतात, काही ठिकाणी चार.

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. १९३६ साली त्याचे पथक बर्लिनला गेले. ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळ करून दाखवले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढले. दोन्ही संस्था चालू आहेत. त्या काळी तालुक्या-तालुक्याला व्यायामशाळा निघाल्या. त्यांच्या इमारतींवर दगडात कोरलेली नावे आहेत. काहींच्या तळमजल्यावर आता पतपेढी आहे, काहींत अभ्यासिका. व्यायामशाळा असेल तर तिला जिम म्हणतात. भिंतभर आरसा असतो. हौद्यात आरसा नसे. आपले अंग कसे दिसते ते जोडीदार सांगे.

तिकडे जपानात कानो जिगोरोंनी १८८२ साली तोक्योत जुदोची शाळा काढली. जुन्या जुजुत्सूतले डाव निवडले, मोडतोड करणारे वगळले, उरलेल्यांना नावे आणि क्रम दिला. पट्ट्यांची पद्धत आणली. १९६४ ला जुदो ऑलिंपिकमध्ये गेला. फुनाकोशी गिचिन १९२२ साली ओकिनावातून तोक्योला आले आणि कराटे जपानभर गेले. तायक्वांदो हे नाव १९५५ चे. २००० साली ते ऑलिंपिकमध्ये होते. हे सगळे लोक हरलेल्या किंवा बदललेल्या देशांत बसून जुन्या वस्तू जपत होते. त्यांनी त्या लिहिल्या, मोजल्या, मुलांना पेलतील अशा केल्या.

वाघोलीत संध्याकाळी पांढऱ्या पोशाखातली मुले दिसतात. कमरेला पिवळा पट्टा, नारिंगी पट्टा, हिरवा पट्टा. मुली मुलांइतक्याच. सोसायटीच्या क्लब हाउसात वर्ग भरतो. आकडे जपानीत मोजतात. इच, नि, सान, शी. आवाज चांगला लागतो. वाकून नमस्कार करतात, सरांना, मग एकमेकांना, मग जमिनीला. या मुलांना पट्टा म्हटले की कमरेचा पट्टा आठवतो. त्यांच्या घरी कुणी फार बोलू लागले की आजी म्हणते, तोंडाचा पट्टा आवर. तो पट्टा कुठला, हे विचारले जात नाही.

भाषेत पुष्कळ राहिले आहे. पवित्रा घेणे. शड्डू ठोकणे. आखाड्यात उतरणे. डावपेच. चितपट. अस्मान दाखवणे. वार परतवणे. दोन हात करणे. निवडणुका आल्या की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर हे सगळे शब्द एकाच दिवशी भेटतात.

वाघोलीत ग्रामपंचायतीच्या निवडणुका मात्र उरल्या नाहीत. ग्रामपंचायत ३० जून २०२१ ला संपली. त्या दिवशी २३ गावे पुणे महापालिकेत गेली. वाघोली त्यांत होती.

खेलो इंडिया युवा स्पर्धा २०२२ च्या जूनमध्ये हरियाणात झाल्या. त्यांत पंजाबचा गतका घेतला, केरळचे कळरीपयट्टू घेतले, मणिपूरचे थांग-ता घेतले, मलखांब घेतला, योगासने घेतली. मर्दानी खेळ त्या यादीत नव्हते. तीन राज्यांच्या शस्त्रविद्यांना ठरलेले नियम होते, गुण देण्याची रीत होती. महाराष्ट्रात दर तालमीचा हात निराळा आणि दर वस्तादाचा शब्द शेवटचा. तो निराळा हात जपणारी घराणी कोल्हापुरात अजून आहेत. पंचगंगेच्या घाटावर, शिवजयंतीला, मिरवणुकीत त्यांचे हात पाहायला मिळतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र झाला. घोषणा आग्र्याच्या किल्ल्यात शिवजयंतीला झाली. त्याच वर्षी जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे आली, तीन वर्षांसाठी. आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली. तीन वर्षांसाठी. काचेपुढे शाळांच्या सहली थांबत. मुले हाताची बोटे वाकवून बघत, कशी घातली असतील ती.

जेजुरीला दसऱ्यानंतरच्या सकाळी खंडा उचलतात. पानसे सरदारांनी खंडोबाला वाहिलेली तलवार आहे. गडावर, देवळासमोर, सकाळच्या उन्हात. एका हाताने तोलायची, हात सरळ ठेवायचा, किती वेळ राहतो ते मोजतात. दुसरा खेळ दातांचा. मूठ दातांत धरून खंडा उचलायचा. जमलेली माणसे देवाकडे नाही, घड्याळाकडे पाहतात. पोरे येतात, जिममध्ये तयार झालेली, दंड भरलेली. काहींच्या हाताला सेकंदातच कंप सुटतो. काही उचलतात आणि हसतात. मागच्या वर्षी उचलणारा कोण होता, त्याच्या मागच्या वर्षी कोण होता, हे कट्ट्यावर बसलेली म्हातारी माणसे सांगतात. खंड्याचे वजन ४२ किलोच आहे.